न पडलेल्या घराचे श्रेय
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात योजलेल्या या व्याख्यानमालेत आपण एका संरचना अभियंत्याला पाचारण केले, याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक आभार मानतो. आमच्या व्यवसायाला असे निमंत्रण क्वचितच येते. एखाद्या वास्तूचे उद्घाटन होते तेव्हा कोनशिलेवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात, विश्वस्तांची असतात, कित्येकदा वास्तुविशारदाचेही नाव असते. त्या वास्तूचा सांगाडा ज्याने आखला, त्याचे नाव सहसा कोठेच नसते. याविषयी माझी तक्रार नाही. त्याचे सारे काम प्लास्टरखाली झाकलेले असते. वास्तू उभी आहे, एवढाच त्या कामाचा पुरावा. आणि उभ्या वास्तूकडे पाहून कोणी तिच्या सळया मोजत नाही.

तरीही या व्यवसायाला मी लोकसेवा म्हणतो, त्याला कारण आहे. वैद्य आपल्या रुग्णाला ओळखतो, वकील आपल्या अशिलाला ओळखतो. संरचना अभियंता मात्र ज्यांच्यासाठी काम करतो, त्यांतील बहुतेकांना तो जन्मात कधी भेटत नाही. आज त्याने आखलेल्या शाळेत तीस वर्षांनी जे मूल बसणार आहे, ते अजून जन्मालाही आलेले नाही. त्याच्या मेहनतान्याचा धनादेश मालक देतो. पण त्याच्या कामावर ज्यांचा जीव अवलंबून असतो, ती माणसे निराळीच असतात. आजच्या व्याख्यानात मला एवढेच मांडायचे आहे की ही सेवा मागितल्यावाचून मिळत नाही, आणि ती भूकंपानंतर मागून उपयोग नसतो. ती आधी मागावी लागते.

भूकंपात माणसे कशाने दगावतात, हे आधी नीट समजून घेऊ. जमीन दुभंगते आणि माणसे तिच्यात गडप होतात, अशी एक समजूत जनमानसात आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य माणसे आपल्याच घराखाली चिरडून मरतात. धावती एस.टी. एकाएकी थांबली, की उभा प्रवासी पुढे झेपावतो. पाय गाडीबरोबर थांबलेले असतात. वरचे शरीर अजून धावत असते. भूकंपात घराचे असेच होते. पाया जमिनीबरोबर एका दिशेला ओढला जातो आणि वरचा भार जागच्या जागी राहू पाहतो. क्षणात जमीन उलट फिरते आणि हाच खेळ विरुद्ध दिशेने होतो. जितके वजन अधिक, तितका हा आडवा हिसका मोठा. आपली घरे वरून खाली येणारा भार पेलण्यासाठी बांधलेली असतात. आडव्या हिसक्याचा विचार त्यांत नसेल, तर घर आपल्याच वजनाने आपला घात करते.

याचा एक विलक्षण दाखला आपल्याच उपखंडात, जवळपास नव्वद वर्षांपूर्वी मिळाला. १९३१ साली बलुचिस्तानात माचच्या परिसरात मोठा भूकंप झाला. तेथील रेल्वेत एस. एल. कुमार नावाचे एक तरुण अभियंता होते. क्वेट्टा येथे रेल्वे कर्मचाऱ्यांची घरे नव्याने बांधायची होती. कुमारांनी ती आडव्या बलाचा हिसाब करून आखली आणि लोहमार्गाचे रूळ सांगाड्यासाठी वापरले. १९३३ साली त्यांनी हा विचार एका निबंधात मांडला. भारताचे भूकंपप्रवणतेनुसार विभाग दाखवणारा एक नकाशाही त्यात दिला. दोनच वर्षांनी, ३१ मे १९३५ च्या पहाटे, क्वेट्टा शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले. किमान तीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या ढिगाऱ्यांच्या शहरात कुमारांची घरे उभी होती. त्या घरांतून सकाळी जे कर्मचारी मुलाबाळांसह बाहेर आले, त्यांतल्या कितीजणांना कुमारांचे नाव ठाऊक होते, कोण जाणे!

म्हणजे ज्ञान नव्हते, असे म्हणण्याची सोय आपल्याला १९३५ नंतर उरली नाही. स्वातंत्र्यानंतर या ज्ञानाला संस्थेचे रूप मिळाले. डॉ. जय कृष्ण यांनी १९६० साली रुडकी येथे भूकंप अभियांत्रिकीच्या संशोधन व प्रशिक्षणाचे केंद्र उभे केले. १९६२ साली भूकंपरोधक संकल्पनाची भारतीय मानक संहिता, आय.एस. १८९३, प्रथम प्रसिद्ध झाली. रुडकीच्याच परंपरेतील प्रा. आनंद स्वरूप आर्य यांनी आपले आयुष्य विशेषतः गरिबांच्या दगडमातीच्या घरांसाठी वेचले. ज्या घराला अभियंता कधी लाभत नाही, ते घर गवंड्याच्याच हाताने सुरक्षित कसे होईल, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. दख्खनचे पठार अचल आहे, अशी एके काळी सर्वसाधारण श्रद्धा होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरने त्या श्रद्धेला पहिला तडा दिला. सुमारे ६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, हजारो घरे पडली. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या वरच्या भागात भेगा पडल्या. धरण आखताना गुरुत्वाकर्षणाच्या विसाव्या हिश्शाएवढे आडवे बल गृहीत धरले होते. प्रत्यक्ष धक्का त्याच्या अनेक पटींनी मोठा होता. तरी धरणाने जलाशय धरून ठेवला. पुढे अभियंत्यांनी भेगा बुजवल्या आणि धरणाच्या उंच भागांना मागील बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. धरणातील यंत्रावर उमटलेली त्या धक्क्याची नोंद आजही जगभरचे धरण अभियंते अभ्यासतात. पाटणपासून खाली वसलेल्या कित्येक गावांना या टेकूंचे मोल ठाऊक नसेल. पण ते त्यांच्यासाठीच आहेत.

धरणाने धडा घेतला, घरांनी मात्र घेतला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांच्या सीमेवर धरणी हादरली. गणेश विसर्जन आटोपून गावे निजली होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ ही नावे त्या दिवशी सकाळी देशाला प्रथम कळली. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरी जवळजवळ आठ हजार माणसे गेली.

असे का झाले? तेथील घरांच्या भिंती दगडाच्या, दोन फूट आणि त्याहूनही जाड. पाहणाऱ्याला किल्ल्याचा भास व्हावा! पण ती भिंत एक नव्हतीच. आतला एक थर, बाहेरचा एक थर, आणि मध्ये दगडगोट्यांची व मातीची भर. दोन्ही थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड नव्हते. सांधायला माती. छपरावर उन्हाळ्याच्या तलखीपासून रक्षण व्हावे म्हणून वर्षानुवर्षे चढवलेला मातीचा जाड थर. हिसका बसताच भिंतीचे दोन थर फुगून अलग झाले, आणि दगड झोपलेल्या माणसांवर आले. पुष्कळ ठिकाणी सागवानी खणांचा सांगाडा उभाच राहिला होता. त्याच्या भोवतीच्या भिंती तेवढ्या ढासळल्या होत्या. ज्यांना दगडी घर परवडले नव्हते, जे कुडाच्या झोपडीत राहत होते, त्यांतले अनेकजण वाचले. जाडी म्हणजे बळकटी, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा समज त्या पहाटे खोटा ठरला.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहते. कमी ताकदीच्या दगडविटांच्या बांधकामाची संहिता, मातीच्या घरांची संहिता, जुन्या इमारतींच्या दुरुस्ती व बळकटीकरणाची संहिता, आणि प्रबलित काँक्रीटला लवचीकपणा देणारी आय.एस. १३९२० ही संहिता, या चारही संहितांवर वर्ष छापलेले आहे १९९३. त्याच वर्षी किल्लारी पडली. कागदावरचे शहाणपण आणि गवंड्याच्या हातातली थापी यांच्यात केवढे अंतर असू शकते, हे याहून स्पष्ट कसे दिसणार? आणि त्या वेळच्या नकाशात हा सारा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ साली संहितेची सुधारणा झाली तेव्हा तो पहिला विभागच रद्द करण्यात आला. भूकंपाचा धोका शून्य आहे, असे म्हणता येईल असा भूभागच देशात राहिला नाही, असा त्याचा अर्थ.

किल्लारीनंतर मात्र जे काम झाले, त्याचा अभिमान वाटावा. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. बावन्न गावे नव्याने वसली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने कमी ठाऊक आहे ते उरलेल्या गावांतील सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचे व बळकटीकरणाचे काम. तेथे घरमालकानेच आपले घर सावरायचे होते आणि अभियंत्याने त्याला मार्ग दाखवायचा होता. जाड भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचे, त्यात आकडे वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन थर एकमेकांना जखडले जातात. भिंतीच्या माथ्यावर चहूकडून सलग पट्टा फिरवायचा, म्हणजे चार भिंती एकमेकींचा हात धरून उभ्या राहतात. छपरावरची अनावश्यक माती उतरवायची. गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या आणि अभियंत्याची भाषा त्यांनी घराघरांत बायकांच्या बोलीत पोचवली. सळई, पट्टा, रेती यांविषयी ज्यांनी कधी तोंड उघडले नव्हते, त्या गवंड्याला प्रश्न विचारू लागल्या. माझ्या मते लोकसेवेचे याहून चांगले रूप नाही. अभियंता तेथे साहेब राहिला नाही; तो शिकवणारा झाला.

दगडमातीच्या घरांचा प्रश्न खेड्यांचा आहे, शहरात आमच्या इमारती आर.सी.सी.च्या आहेत, आम्हाला काय भय? असे ज्यांना वाटत होते, त्यांना २६ जानेवारी २००१ च्या सकाळी पावणेनऊ वाजता उत्तर मिळाले. कच्छचा तो भूकंप ७.७ तीव्रतेचा होता. गुजरातेत सुमारे १३ हजार ८०० माणसे गेली. भूकंपाच्या केंद्रापासून अहमदाबाद दोनशे किलोमीटरहून अधिक दूर. तरी तेथे सत्तरच्या आसपास बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. त्या इमारती जुन्या नव्हत्या, मातीच्या नव्हत्या, गरिबांच्याही नव्हत्या.

त्यांच्यात एक समान दोष वारंवार आढळला. तळमजला मोटारींसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा; वरच्या चार मजल्यांवर मात्र विटांच्या भिंतींनी भरगच्च घरे. वरचा भाग पेटीसारखा ताठ आणि खालचा भाग काठ्यांसारखा. हिसक्याची सारी कसोटी त्या तळमजल्याच्या खांबांनाच द्यावी लागली. हे खांबही सडपातळ. त्यांतील उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा दूरदूर घातलेल्या आणि त्यांची टोके काटकोनातच वळवून सोडलेली. धक्का बसताच रिंगा उघडल्या, सळया बाहेर फुगल्या आणि काँक्रीटचा भुगा झाला. याउलट कच्छच्या बन्नी भागातील गोल आकाराचे, हलक्या छपराचे पारंपरिक ‘भुंगे’ बऱ्याच प्रमाणात टिकले. दर चौरस फुटाच्या भावाशी सुरक्षिततेचा संबंध नसतो, हे त्या दिवसाने दाखवून दिले.

रिंगेच्या टोकाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो. कारण आमच्या व्यवसायाचे मर्म तिच्यात आहे. खडू वाकवला तर तटकन मोडतो. तार वाकवली तर वाकते, पण तुटत नाही. मोठ्या भूकंपात इमारतीला मुळीच इजा होऊ नये, असा आमचा आग्रह नसतो. तो कोणाला परवडणारही नाही. लहान धक्क्याने तिला काही होऊ नये, मध्यम धक्क्याने झालेली इजा दुरुस्त करता यावी, आणि मोठ्या धक्क्याने ती वाकली, फाटली, तरी तिने माणसांवर कोसळू नये, असे संहितेचे सांगणे आहे. म्हणजे इमारतीने खडूसारखे न वागता तारेसारखे वागावे. हा गुण रिंगांतून येतो. कॉलम आणि बीम जेथे भेटतात, त्याच्या वरखाली रिंगा दाट हव्यात, १०० मिलिमीटरहून अधिक अंतर नको. आणि रिंगेची टोके १३५ अंशांत वळवून आत, काँक्रीटच्या गाभ्यात रुतवायला हवीत. यासाठी फारसे लोखंड जास्त लागत नाही. लागतात ते बार वाकवणाऱ्या कारागिराचे आणखी थोडे श्रम, आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी तेथे वाकून पाहणारा एक माणूस. एवढ्या अल्प गोष्टीवर शेकडो जीव तोललेले असतात.

आता प्रश्न येतो की संरचना अभियंता समाजाची सेवा करतो, ती नेमकी कोणत्या मार्गांनी? चांगले संकल्पन करणे, हा पहिला मार्ग झाला. दुसरा मार्ग लोकांना बहुधा ठाऊक नसतो. संहिता आपोआप तयार होत नाहीत. देशोदेशीचे अभियंते आणि प्राध्यापक समित्यांवर बसून, बहुतांशी विनामोबदला, वर्षानुवर्षे खल करून त्या लिहितात. कॅलिफोर्नियातील संरचना अभियंत्यांच्या संघटनेने १९५९ साली भूकंपबलांविषयीच्या शिफारशींचे जे पुस्तक काढले, ते स्वयंसेवेतूनच सिद्ध झाले होते, आणि त्याचा प्रभाव पुढे जगभरच्या संहितांवर पडला. तिसरा मार्ग भूकंपानंतरचा. घरे पडत नाहीत, पण तडकतात. लोक भयाने रस्त्यावर झोपतात. आत जावे की जाऊ नये, हे सांगणारा कोणी तरी हवा असतो. कॅलिफोर्नियात १९८९ पासून अशा वेळी प्रशिक्षित अभियंते घरोघर फिरून हिरवी, पिवळी वा लाल चिठ्ठी लावतात. हिरवी म्हणजे खुशाल राहा, पिवळी म्हणजे मर्यादित वापर, लाल म्हणजे पाऊल टाकू नका. त्या एका चिठ्ठीमागे केवढा विवेक आणि केवढी जबाबदारी असते! चौथा मार्ग शिकवण्याचा. भूजनंतर आय.आय.टी. कानपूरच्या भूकंप अभियांत्रिकी माहिती केंद्राने प्रा. सी. व्ही. आर. मूर्ती यांच्या सोप्या, सचित्र टिपणांची मालिका प्रसिद्ध केली. शाळकरी मुलालाही समजाव्यात अशा त्या आहेत. २००३ पासून केंद्र शासनाच्या कार्यक्रमातून देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापकांना हा विषय नव्याने शिकवण्यात आला.

इतके असूनही इमारती पडतात. मग साखळी तुटते कोठे? स्वानुभवातले एक उदाहरण देतो. संस्थेचे आणि गावाचे नाव घेत नाही. तालुक्याच्या गावी एक सेवाभावी संस्था शाळा चालवत असे. दुमजली इमारतीवर तिसरा मजला चढवायचा होता. मंडळी सज्जन, हेतू उत्तम; प्रवेशासाठी मुलांची रांग लागलेली. मला म्हणाले, “आराखडा तयार आहे, नगरपालिकेत द्यायला तुमची सही तेवढी हवी.” मी जुने आर.सी.सी. नकाशे मागितले, ते कोणाकडे नव्हते. पाया उघडून पाहू, काँक्रीटचे नमुने काढून तपासू, मग ठरवू, असे मी सुचवले. “साहेब, जूनमध्ये वर्ग सुरू करायचे आहेत,” असे उत्तर आले. मी सही केली नाही. ती दुसऱ्या कोणाची तरी मिळाली आणि तिसरा मजला झाला. आजही ती इमारत उभी आहे आणि दर जूनमध्ये त्या वर्गांत नवी मुले येऊन बसतात. मुलांची परीक्षा दरवर्षी होते. त्या इमारतीची अजून झालेली नाही, एवढेच.

बंधू-भगिनींनो, या गोष्टीत खलपुरुष कोणी नाही, हे लक्षात घ्यावे. सही म्हणजे सेवा, असा समज झाला की असे घडते. सही हा त्या सेवेचा शेवट आहे. तिच्याआधी मातीची तपासणी असते, गणित असते, नकाशे असतात आणि काम चालू असताना वारंवार दिलेल्या भेटी असतात. या भेटींचे पैसे मालकाला जड वाटतात, कारण त्यातून डोळ्यांना काहीच दिसत नाही. संगमरवरी फरशी दिसते, रिंग दिसत नाही.

आपल्यासारख्या संस्थांची जबाबदारी येथे येते. शाळा, धर्मशाळा, दवाखाना, सभागृह या वास्तूंत एका वेळी शेकडो माणसे असतात, आणि ती आपल्या विश्वासावर आलेली असतात. मी ज्या कॅलिफोर्नियाचा उल्लेख केला, तेथे १० मार्च १९३३ रोजी लाँग बीच शहरात सायंकाळी भूकंप झाला आणि कित्येक शाळा कोसळल्या. तास दोन-तीन तासांपूर्वी सुटले होते, म्हणून मुले वाचली. महिन्याभराच्या आत तेथील विधिमंडळाने कायदा केला, की शाळेच्या इमारतीचे संकल्पन राज्याच्या तज्ज्ञांनी तपासावे आणि बांधकामावर सतत देखरेख असावी. दैव प्रत्येक वेळी असे कनवाळू नसते. ८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीर आणि लगतच्या भागात सकाळी, शाळा भरल्यावर भूकंप झाला. हजारो मुले वर्गांतच गेली. त्यांतील बहुतेक नियंत्रण रेषेपलीकडची. आणि २००१ साली अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेल्या १८५ मुलांवर आणि २० शिक्षकांवर अरुंद गल्लीतील दोन्ही बाजूंच्या इमारती कोसळल्या. त्यांच्या नावाने तेथे वीर बालक स्मारक उभे आहे. स्मारके आपण बांधतोच. त्याआधीचे काम करणे आपल्या हाती आहे.

त्या कामाविषयी काही नम्र सूचना करतो. संस्थेच्या प्रत्येक इमारतीचे आर.सी.सी. नकाशे मिळवून, खरेदीखताच्या आणि जमाखर्चाच्या वह्यांइतक्याच काळजीने जतन करावेत. नकाशे नसतील तर जाणत्या अभियंत्याकडून मोजमाप करून नवे तयार करून घ्यावेत. ज्या वास्तूंत मुले, वृद्ध किंवा रुग्ण असतात, त्यांची पाहणी आधी करावी. येथे एक सावधगिरी सांगतो. आपल्याकडे ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हा शब्द रूढ झाला आहे आणि तीस वर्षांहून जुन्या इमारतींसाठी ते मोठ्या शहरांत बंधनकारकही करण्यात आले. ते चांगलेच आहे. पण अशा तपासणीत बहुधा गळती, गंज, भेगा यांचा, म्हणजे इमारतीच्या जीर्णतेचा विचार होतो. इमारत नवी कोरी असूनही भूकंपापुढे दुबळी असू शकते. म्हणून अभियंत्याला स्पष्ट शब्दांत विचारावे, “ही इमारत भूकंपाचे आडवे बल घेऊ शकेल काय? नसेल, तर काय करावे लागेल?”

उत्तर ऐकून घाबरून जाऊ नये. मोकळ्या तळमजल्यात योग्य जागी काँक्रीटच्या भिंती उभारता येतात, दुबळ्या खांबांना वेढा घालून बळ देता येते. जुन्या दगडी वास्तूला पट्टे व बांधदगड देता येतात; मात्र चुन्यात बांधलेल्या जुन्या कामावर हाताला येईल ते सिमेंट थापू नये, त्यासाठी त्या विषयाचा जाणकारच बोलवावा. पैसा एकदम उभा राहत नसेल तर टप्प्याटप्प्याने करावे. आणि काही गोष्टींना तर पैसाच लागत नाही. गच्चीवरील जादा टाक्या उतरवाव्यात. वर्गातील उंच कपाटे भिंतीला पक्की जखडावीत. दरवाज्यावरचा जड फलक, सैल झालेला कठड्याचा दगड, जिन्याखाली साठवलेले सामान, याकडे एक रविवार काढून पाहावे.

नवीन वास्तू बांधताना अभियंता निवडताना सर्वांत कमी दर हा निकष नसावा. त्याच्याशी होणाऱ्या करारात बांधकामावरील भेटी लिहून घ्याव्यात. मोठे काम असेल तर त्याचे संकल्पन दुसऱ्या अनुभवी अभियंत्याकडून तपासून घ्यावे. चांगल्या अभियंत्याला त्यात अपमान वाटत नाही. काँक्रीट ओतण्याच्या दिवशी एखाद्या विश्वस्ताने स्वतः जाऊन नुसते विचारावे, “रिंगांची टोके आत वळवली आहेत ना?” हा प्रश्न मालकाकडून आला, की मिस्त्री, ठेकेदार आणि अभियंता तिघेही सावध होतात.

चिलीमध्ये २७ फेब्रुवारी २०१० रोजी ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात आणि त्यामागून आलेल्या लाटेत सव्वापाचशेच्या आसपास माणसे गेली. त्याच्या दीड महिना आधी हैती या देशात ७.० तीव्रतेचा भूकंप झाला होता. ऊर्जेच्या हिशेबात चिलीचा भूकंप सुमारे पाचशे पट मोठा. तरी हैतीत मृतांची संख्या लाखाच्या घरात गेली. चिलीने आधीच्या भूकंपांनंतर संहिता केली, पाळली आणि पाळून घेतली. हैतीत संहितेची अशी अंमलबजावणीच नव्हती. चिलीत जी हजारो माणसे त्या रात्री मेली नाहीत, त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. संरचना अभियंत्याचे श्रेय असे कोठेच न नोंदलेले असते, आणि ते तसेच असावे.

आपल्या संस्थेने पन्नास वर्षे अनेकांना आसरा दिला, विद्या दिली, औषध दिले. पुढील पन्नास वर्षांचा संकल्प सोडताना, ज्या छपराखाली हे सारे देणार, त्या छपराची विचारपूस आधी करावी, एवढीच माझी विनंती आहे. आपल्यापैकी एखाद्या विश्वस्ताने उद्या सकाळी कार्यालयात जाऊन शाळेच्या इमारतीचे जुने नकाशे शोधायला घेतले, तर माझे आजचे बोलणे सार्थकी लागले, असे मी मानीन.